पाठ टेकल्यावर

जुन्या एमआयडीसीत, बियाण्यांच्या गोदामावर
पत्र्याच्या छताचा हॉल. सोम, बुध, शुक्र, सात ते साडेआठ.
जिन्यात फवारणीच्या औषधाचा वास,
वर गेलं की घामाचा आणि फिनाइलचा.
मॅट निळ्या, तीन जागी चिकटपट्टी लावलेल्या,
त्यातली एक पट्टी माझ्याच टाचेला बरोबर सापडते.

वय एकोणचाळीस. दिवसभर लॅबमध्ये रक्त काढते.
शीर सापडणं हे माझं पोटापाण्याचं काम,
म्हणून पहिल्या दिवशी सरांनी गळ्यापाशी बोट नेऊन
"इथं दोन्हीकडून दाबलं, की..." म्हटलं तेव्हा
पुढचं मला माहीत होतं.
मान माझी असणार, एवढंच माहीत नव्हतं.

सर म्हणजे प्रणित भुतेकर, वय चोवीस,
पुण्यात चार वर्षं काढून जालन्याला परत आलेले.
मला ताई म्हणतात आणि मग उलथून टाकतात.
"याला कोळंबी म्हणतात," ते म्हणाले,
"कंबर मागं सरकवायची, आकसून, पुन्हा आकसून."
इथं कोळंबी पाहिलीय कुणी?
आमच्यात तिचं नाव पडलं अळी.
आठ जणं पाठीवर पडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
बोंडात शिरल्यासारखी सरकतो,
आणि नाझनीन मागून ओरडते, "भागो आपा, फवारणी आई!"

गोदामाचे वॉचमन सोपानकाका वरच्या पायरीवर बसतात.
कधीकाळी जत्रांचे फड मारलेले,
दोन्ही कान भज्यांसारखे.
"पाठ लागली की कुस्ती सुटली," ते म्हणाले.
"मंग तुम्ही काहून पडून राहता?"
सर म्हणाले, "काका, आमचं इथूनच सुरू होतं."
काकांनी तंबाखू मळली. मान्य केलं नाही.

मी खाली असते. खालीच असते.
नाझनीन सतराची, बारावीच्या क्लासची वही पिशवीत घेऊन येणारी,
माझ्याहून अकरा किलो हलकी,
पण छातीवर आडवी पडली की सरकीचं पोतं होते.
मला तेवढे छताचे पत्रे दिसतात, आणि त्यातलं एक भोक.
"श्वास घ्या, ताई. श्वास विसरलात."
एकोणचाळीस वर्षं घेतच होते की.

मग थाप. दोनदा, तिच्या खांद्यावर.
सगळं एकदम सुटतं.
थापा मारणं म्हणजे खोटं बोलणं, असं आम्ही लहानपणी शिकलो,
आणि इथं थापेनंच खरं सांगावं लागतं:
पुरे, लागतंय.
बावीस वर्षांच्या नोकरी-संसारात
हे एवढं वाक्य कुणापुढं पुरं बोलल्याचं मला आठवत नाही.
पहिला महिना मी थापा मोजल्या. एकशे बारानंतर नाद सोडला.

सकाळी बोटं मिटत नाहीत.
दंडाला पट्टा बांधताना एक आजोबा म्हणाले,
"बाई, सुई मला टोचायचीय, थरथर तुम्हाला?"
माझ्याच दंडावर चार बोटांचे निळे डाग.
सिस्टरनी मला आत नेलं, दार लोटलं,
हळूच विचारलं, "घरी काही...?"
मला हसू आलं, तशी तिची खात्रीच पटली.

रात्री भाकरी थापायला बसले,
दुसऱ्या थापेला हात आपोआप थांबले.
परातीत अर्धी भाकरी.
लेक डब्यावर बसून बघत होता. "आई, कोण जिंकलं?"

गेल्या शुक्रवारी मात्र,
जिंकले वगैरे नाही,
कंबर सरकली, गुडघा आत आला,
तिच्यात आणि माझ्यात वीतभर जागा झाली.
त्या वीतभरात मी काही केलं नाही. नुसती होते.
मग नाझनीननं मला पालथं करून गळा धरला.

"पोरी, कंबर आणखी आधी काढायची," जिन्यातून आवाज आला.
वळून पाहिलं तर काका खाली मान घालून
चुन्याची डबी उघडत होते.

पांढरा पट्टा सुटून मॅटवर पडला होता.
गाठ अजून मला नीट येत नाही.